उष्णता जाते कुठं

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून हैदरचाचा शिकलगार
राजारामपुरीत माझ्या माळ्यावर आले.
मागं तरन्नुम, छातीशी लॅपटॉप धरून,
आणि रिक्षावाला, डोक्यावर कारखान्यातला जुना डबा,
जिन्यात तीनदा थांबत.

"धनपाल, दोन्हीवर एकच नाव लिवलंय.
कंचं पळतंय तेवढं सांग. पुढचं मी बघतो."

स्टिकर पाहिले. नाव एकच खरं,
पण लॅपटॉपच्या नावामागं एक बारीक अक्षर.
गिऱ्हाईक ते वाचत नाही,
आणि मीही, खरं सांगायचं तर,
कधी मोठ्यानं वाचून दाखवलेलं नाही.

तरन्नुमनं पेन ड्राइव्ह दिला.
पंपाच्या बॉडीचं कास्टिंग:
रस साच्यात कुठं आधी थिजतो, कुठं शेवटी,
त्याचा हिशोब.
दोन्हीवर एकदमच सोडला.

पहिली दोन मिनिटं लॅपटॉप पुढं.
नवी पिढी, चार पॉइंट सहा गिगाहर्ट्झ.
तरन्नुमनं बापाकडं बघितलं,
बापानं पत्र्याकडं.
मे महिना होता.

तिसऱ्या मिनिटाला पंखा किंचाळायला लागला.
सत्त्याण्णव अंश.
आकडा उतरला: तीन पॉइंट आठ, तीन,
दोन पॉइंट सहा,
आणि तिथं जो बसला
तो रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसल्यासारखा,
उठायचं नावच नाही.

डबा मात्र चार पॉइंट दोनला, सुरुवातीपासून.
झाकण उघडलं तर आत
सागवानाचा भुसा, पालीची दोन अंडी,
आणि वीटभर हीटसिंक.
बासष्ट अंश.

मी सांगायला लागलो: चाचा, याला पासष्ट वॅट मिळतात,
त्याला घटकाभर तेवढेच, मग अठ्ठावीस,
कारण जाडी बोटभर, आणि त्यात...

"थांब," चाचा म्हणाले.
लॅपटॉप उचलून त्याच्या पोटाला
तळहात लावला, भट्टीवरनं आल्यावर
साच्याला लावतात तसा, उलटा.
"साच्याभोवती वाळू कमी पडली
की उष्णता आतच घुटमळती.
मग कास्टिंग पोटात पोकळी धरतं.
पळायचं काय इचारतोस?
उष्णता जाते कुठं, ते इचार."

पंधरा वर्षं हे विकतोय मी.

डबा एक्केचाळीस मिनिटांत सुटला.
लॅपटॉपला तासाला एक मिनिट कमी.
बिलाच्या पाठीवर दोन्ही आकडे लिहिले
आणि कागद कुणाच्या हातात द्यावा कळेना.

"म्हणजे माझा हळू," तरन्नुम म्हणाली.
दोन मिनिटांच्या कामाला नाही, म्हटलं.
"माझं काम दोन मिनिटांत झालंय कधी?"
मग बापाकडं वळून:
"शिरोलीत ते भट्टीपाशी उभं राहून
रायझर बदला म्हणतात,
तवा हा डबा डोक्यावर घेऊन जाऊ?"

चाचा काही बोलले नाहीत.
डब्याची साफसफाई, पेस्ट: साडेतीनशे.
पन्नास परत दिले ते घेतले नाहीत.

पुढच्या सोमवारी एकटेच आले.
पिशवीत लॅपटॉप, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या
दोन सागवानी पट्ट्या,
मागं उंच, पुढं उतरत्या,
मधनं हवेला वाट, कडा पॉलिश पेपरनं मारलेल्या.
"पॅटर्नमधनं उरल्यालं लाकूड हाय."

तेच कास्टिंग पुन्हा सोडलं.
ब्याऐंशी अंशांवर पंख्याचा आवाज जरा माणसात आला,
आकडा तीन पॉइंट एकला टेकला.
बावन्न मिनिटं.

सात मिनिटं वाचली, चाचा.

त्यांनी एक पट्टी उलटी केली,
कानावरची पेन्सिल काढून
तारीख घातली, प्रत्येक पॅटर्नवर घालतात तशी,
आणि तारखेखाली, जरा विचार करून, ७.

माझ्या काउंटरवरचा लॅपटॉपही
त्या घडीला उगाच गरम लागला हाताला.
"मलाही एक जोडी करा की."

"माप दे," म्हणाले.